डॉ. ल्यूसी विल्स यांचे रक्तविषयक संशोधन : नामांतर आणि उल्लेखगणना

संशोधकाच्या कार्याचे मोल त्याच्या लेखांना नंतरच्या लेखकांनी केलेल्या उल्लेखांच्या संख्येवरून ठरवावे, हा संकेत आता विद्यापीठीय जगात इतका रूढ झाला आहे की त्यामागे एक गृहीतक आहे याचेही भान सुटू लागले आहे. ज्या ज्ञानाचा उपयोग होतो त्याच्या मूळ कर्त्याचे नाव उपयोग करणारा घेतोच, हे ते गृहीतक होय. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात उल्लेखसूचीची कल्पना मांडली, आणि १९६४ पासून त्यांची विज्ञान-उल्लेखसूची नियमितपणे निघू लागली. त्याच वर्षी १६ एप्रिल रोजी ल्यूसी विल्स यांचे निधन झाले. हा योगायोगच; परंतु त्यांच्या कार्याच्या परीक्षणास तो सोयीचा ठरतो, कारण उपरोक्त गृहीतकाला इतका ठळक अपवाद रक्तविज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. गर्भवतींना आज जगभर दिल्या जाणाऱ्या फॉलिक आम्लाच्या गोळीचा उगम ज्या निरीक्षणात आहे ते विल्स यांनी मुंबईत, परळ येथील हाफकिन संस्थेत काम करीत असताना केले. त्या गोळीवर लिहिल्या गेलेल्या आणि लिहिल्या जात असलेल्या अगणित निबंधांत मात्र त्यांचे नाव शोधूनच काढावे लागते.

प्रारंभी एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. इंग्रजीतील ‘सायटेशन’ या संज्ञेला मराठीत अद्याप स्थिर प्रतिशब्द नाही. ‘उद्धरण’ म्हणावे तर त्यात मूळ शब्द उतरवून घेण्याचा अर्थ येतो. ‘संदर्भ’ हा शब्द फार सैल. ‘निर्देश’ त्यातल्या त्यात नेमका, पण त्यात ऋण मान्य करण्याची छटा नाही. येथे ‘उल्लेख’ हा शब्द योजला आहे, कारण नाव घेणे हाच या व्यवहाराचा गाभा आहे. आपल्याकडील शास्त्रपरंपरेत नाव घेण्याच्या आणि न घेण्याच्या दोन्ही रीती होत्या. पाणिनीने अष्टाध्यायीत शाकटायन, शाकल्य, गार्ग्य आदी दहा पूर्वसूरींची नावे घेतली. उलट, पुढील टीकाकार ‘इति केचित्’ एवढ्यावर एखादे संपूर्ण मत निकालात काढीत. पाणिनीच्या त्या पूर्वसूरींपैकी बहुतेकांचे ग्रंथ लुप्त झाले आणि नावे तेवढी राहिली. विल्स यांच्या बाबतीत नेमके उलटे घडले.

विल्स यांचा जन्म १८८८ चा, बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र या विषयांचे अध्ययन केले आणि १९११ साली परीक्षा दिल्या. पदवी मात्र मिळाली नाही, कारण केंब्रिज विद्यापीठ १९४८ पर्यंत स्त्रियांना पदवी देत नसे. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात प्रवेश घेतला आणि १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या वैद्य झाल्या. रुग्ण पाहण्याचा व्यवसाय त्यांनी पत्करला नाही. रॉयल फ्री रुग्णालयात गर्भावस्थेतील चयापचयाच्या संशोधनात त्या रमल्या. चरित्राचा हा भाग एवढ्यावर सोडून देण्यास हरकत नाही. डॅफ्ने रो यांनी १९७८ मध्ये आणि हिल्डा बास्टियन यांनी २००७ मध्ये लिहिलेल्या चरित्रलेखांत त्याचा तपशील आला आहे. हे दोन्ही लेख विल्स यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी आले, आणि दोन्ही जीवनपट म्हणून चांगले आहेत. त्यांत विल्स यांच्या लेखांचे लेखन म्हणून वाचन मात्र फारसे नाही. वास्तविक ते करण्यासारखे आहे.

१९२८ साली विल्स मुंबईस आल्या. मातामृत्यूंच्या कारणांची चौकशी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने हाफकिन संस्थेत सुरू केली होती आणि मार्गारेट बाल्फोर या अनुभवी डॉक्टर तिच्याशी निगडित होत्या. ज्या विकाराचा शोध घ्यावयाचा होता त्याला त्या काळी ‘गर्भावस्थेतील घातक रक्तक्षय’ म्हणत. त्यात रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटतात, परंतु आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे चित्र ‘पर्निशस अ‍ॅनिमिया’ या दुसऱ्या एका रोगाच्या चित्रासारखेच दिसे. त्या रोगावर कच्च्या यकृताचा आहार गुणकारी ठरतो, असे मिनॉट व मर्फी यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले होते. त्याबद्दल त्यांना व व्हिपल यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन रोगांचे चित्र एक, म्हणून नावही एक, आणि नाव एक म्हणून कारणही एकच असावे, अशी ही विचाराची उतरती साखळी होती. तिच्यातला मधला दुवा निव्वळ भाषिक आहे, हे वैद्यकाच्या इतिहासकारांनी पुरेसे लक्षात घेतलेले दिसत नाही.

विल्स यांनी तो घेतला होता असे मानण्यास जागा आहे. १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सर्वांत महत्त्वाच्या लेखाच्या शीर्षकात ‘गर्भावस्थेतील घातक रक्तक्षय’ आणि ‘उष्णकटिबंधीय रक्तक्षय’ ही दोन्ही रोगनामे अवतरणचिन्हांत घातलेली आहेत. यीस्टच्या अर्काचा उल्लेख मात्र तशा चिन्हांविना येतो. अवतरणचिन्हांची ही योजना सहज घडलेली वाटत नाही. ‘लोक याला असे म्हणतात, लेखिकेला ते नाव मान्य असेलच असे नाही’, एवढा आशय त्या चार चिन्हांत आहे. जे सिद्ध झाले त्याला चिन्ह नाही. जे केवळ प्रचलित आहे त्याला आहे. लेखाचे निष्कर्षही याच शिस्तीत आहेत. यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारात ‘मार्माइट’ नावाने मिळणाऱ्या पदार्थाने, रुग्ण स्त्रिया बऱ्या होतात एवढे सांगितले आहे; त्यातील कोणत्या द्रव्याने होतात ते ज्ञात नाही, हे स्पष्ट ठेवले आहे.

या निष्कर्षापर्यंतची वाट सरळ नव्हती, आणि तिच्या वळणांचे परीक्षण करताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मधून १९३० पासून प्रसिद्ध झालेल्या लेखमालेत मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांच्या आहाराची पाहणी आहे. ज्यांचा आहार सर्वांत निकस, त्यांच्यात गर्भावस्थेतील रक्तक्षय सर्वांत जास्त, असा संबंध तीत आढळला, आणि अशा स्त्रियांत गरीब मुसलमान स्त्रियांचे प्रमाण विशेष होते. त्यांच्यासारखाच आहार उंदरांना देऊन पाहण्यात आला. उंदीर रक्तक्षयी झाले, गाभण माद्या विण्यापूर्वीच मेल्या, आणि यीस्ट दिल्यास हे टळते असेही दिसले. पुढे उघड झाले की उंदरांना उवांमार्फत बार्टोनेला जंतूंचा संसर्ग होत होता, आणि त्यांच्या रक्तक्षयात या संसर्गाचा वाटा होता. म्हणजे प्राण्यांवरील पहिला पुरावा डागाळलेला होता. त्यानंतर ऱ्हीसस माकडांवर प्रयोग झाले आणि यीस्टच्या अर्काचा गुण तेथे टिकला. काटेकोर टीकाकार म्हणेल की उंदरांवरील निष्कर्ष घाईने छापले गेले, आणि ते खरेही आहे. परंतु प्रयोग फसला असता आहाराचे मूळ निरीक्षण टाकून न देता प्राणी बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारणे, यात या संशोधनाचे बळ दिसते. आहारपाहणी भक्कम होती म्हणूनच हे शक्य झाले.

येथे दुय्यम लेखनाविषयी एक आक्षेप नोंदविणे भाग आहे. विल्स यांच्या मुंबईतील कामाचे सारांश देताना कोठे ‘गिरण्यांतील कामगार स्त्रिया’ म्हटलेले असते, तर कोठे ‘मुसलमान स्त्रिया’, जणू हे दोन समूह एकच होते. शिवाय दुसऱ्या पदातील ‘गरीब’ हे विशेषण सारांश जसजसा लहान होतो तसतसे गळून पडते. विशेषण गळाले की आहाराचा प्रश्न धर्माचा वाटू लागतो. मूळ पाहणीचा विषय ताटात काय पडते हा होता. परळ हे गिरणगावाचे हृदय. पण तेथील संस्थेत अभ्यासलेली प्रत्येक स्त्री गिरणीत जाणारी नव्हे. १९३१ मध्ये विल्स यांनी मद्रासच्या ज्या रुग्णालयात काम केले त्याचे तेव्हाचे नावच ‘कास्ट अँड गोषा’ होते. गोषा म्हणजे पडदा, हे मराठी वाचकास सांगावयास नको. पडद्यात राहणारी स्त्री आणि गिरणीत साचा चालविणारी स्त्री यांना एकाच रकान्यात बसविणारे सारांश उल्लेखांच्या संख्येत भर घालतात, आकलनात नव्हे.

१९३७ साली विल्स यांनी पर्सी क्लटरबक व बार्बरा इव्हान्स यांच्यासमवेत जे लेख प्रसिद्ध केले, ते वैचारिक दृष्ट्या १९३१ च्या लेखाहूनही वरचे आहेत. यकृताचा ओबडधोबड अर्क निकस आहारावर ठेवलेल्या माकडांचा रक्तक्षय बरा करीत असे. तोच अर्क शुद्ध केला की पर्निशस अ‍ॅनिमियावर तो चालतो, पण माकडांवर निरुपयोगी ठरतो, असे या त्रयीने दाखविले. शुद्धीकरणात काहीतरी मागे राहत होते, आणि जे मागे राहत होते तोच नवा घटक. १९३१ च्या शीर्षकातील अवतरणचिन्हांनी जी शंका सूचित केली होती, तिला येथे प्रयोगाचा आधार मिळाला. एका नावाखाली दोन रोग आहेत, आणि यकृताच्या एका अर्कात दोन औषधे आहेत.

हा भेद किती जीवघेण्या महत्त्वाचा होता ते पुढे कळले. संश्लेषित फॉलिक आम्ल उपलब्ध होताच ते पर्निशस अ‍ॅनिमियाच्या रुग्णांनाही देण्यात आले. त्यांचे रक्त सुधारले, परंतु मज्जातंतूंची हानी चालूच राहिली, कारण त्या रोगात उणीव होती ती १९४८ मध्ये वेगळ्या केल्या गेलेल्या ब-१२ जीवनसत्त्वाची. रक्ताचे चित्र सुधारल्यामुळे रोग उलट झाकला जाई. रक्तचित्र सारखे म्हणून रोग सारखा नव्हे, हे ज्या लेखांनी आठ-दहा वर्षांपूर्वी बजावले होते त्यांचे स्मरण ठेवण्यास याहून मोठे कारण कोणते असावे? तरीही ते राहिले नाही, आणि त्याचे एक मुख्य कारण नामकरणात आहे.

विल्स यांच्या घटकास काही काळ ‘विल्स घटक’ म्हणत. त्याच सुमारास तेच द्रव्य वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वेगवेगळ्या दिशांनी हाती येत होते, आणि जो तो आपल्या प्रयोगातील जीवावरून त्याला नाव देत होता. माकडांवर काम करणाऱ्यांनी ‘एम’ जीवनसत्त्व म्हटले, कोंबडीच्या पिलांवर काम करणाऱ्यांनी ‘बीसी’, आणि जंतूंच्या वाढीवर काम करणाऱ्यांनी त्या जंतूचे नाव जोडून ‘एल. केसी घटक’. १९४१ साली मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनी सुमारे चार टन पालकापासून हे द्रव्य संहत केले आणि पानासाठी असलेल्या ‘फोलियम’ या लॅटिन शब्दावरून ‘फॉलिक आम्ल’ असे त्याचे नाव ठेवले. त्यांच्याही लेखाच्या शीर्षकात हे नाव अवतरणचिन्हांतच आहे. नवजात नावाला तेवढा संकोच असतोच. १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेच्या गटाने त्याचे संश्लेषण जाहीर केल्यानंतर ती चिन्हे गळाली, आणि ‘विल्स घटक’ ही संज्ञा इतिहासजमा झाली. उल्लेखाची साखळी नामाच्या धाग्यावर ओवलेली असते. ‘फॉलिक आम्ल’ हे नाव वापरणारा लेखक त्या नावाच्या जन्मापर्यंत, म्हणजे १९४१ पर्यंत, मागे जातो. त्यापलीकडे जाण्यास त्याला त्या शब्दातून वाट मिळत नाही. ‘विल्स घटक’ ही संज्ञा टिकली असती तर प्रत्येक वाचकाला किमान एक प्रश्न पडला असता : विल्स कोण?

रॉबर्ट मर्टन यांनी ज्याला समावेशनातून होणारे विलोपन म्हटले, त्याचे हे उदाहरण आहे असे कोणी म्हणेल. शोध सर्वसंमत झाला की त्याचा आधार देण्याची गरज कोणाला वाटत नाही, असा त्या कल्पनेचा आशय. तो येथे अंशतःच लागू पडतो. विल्स यांचे नाव लोपले ते त्यांचा शोध सर्वमुखी झाल्यावर नव्हे, त्याआधीच. नव्या नावाने शोधाचा आरंभबिंदूच पुढे सरकविला.

तुलनेसाठी त्याच कथेतील दुसरे पात्र पाहावे. लेडर्लेचे संशोधन-संचालक येल्लाप्रगड सुब्बाराव यांचे नाव उल्लेखसूचींत अनेक दशके वारंवार येत राहिले. परंतु ते फॉलिक आम्लामुळे नव्हे. १९२५ साली फिस्के यांच्यासह त्यांनी फॉस्फरस मोजण्याची जी वर्णमापन-पद्धत दिली, ती वापरणारा प्रत्येक रसायनज्ञ त्या दोघांची नावे लिहितो. उल्लेखसूचीतील सर्वाधिक उल्लेखांचा मान ज्याला मिळाला, तो लाउरी यांचा १९५१ चा लेखही प्रथिने मोजण्याच्या पद्धतीचाच आहे. त्याच्या उल्लेखांची संख्या तीन लाखांच्या वर गेली. पद्धत वापरली की तिचे नाव लिहावेच लागते, कारण वाचकाला प्रयोग पुन्हा करून पाहावयाचा असतो. कारणमीमांसेला तसा हक्काचा उल्लेख नसतो. होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचविलेला ‘एच’ निर्देशांक या विषमतेवर इलाज करीत नाही. ज्या लेखकाच्या दहा लेखांना प्रत्येकी निदान दहा उल्लेख आहेत त्याचा निर्देशांक दहा, असे ते गणित. त्यात एका लेखाने जगाची औषधयोजना बदलली तरी त्याची भर एकचीच.

परळमध्येच वीस वर्षांनी घडलेली दुसरी घटना या संदर्भात उद्बोधक आहे. सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे यांनी देशपांडे व भाटिया या सहकाऱ्यांसह आणि इंग्लंडमधील सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स यांच्यासह १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये एका दुर्मिळ रक्तगटाचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्यांच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ हे मूळ प्रतिजनच नसते, त्यांना ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. त्या लेखाच्या शीर्षकातही ‘नवे’ हा शब्द अवतरणचिन्हांत आहे. हा गट पुढे ‘बॉम्बे’ नावाने प्रसिद्ध झाला. १९९५ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई झाले. रक्तगटाचे झाले नाही, आणि मराठी वृत्तपत्रेही निमूटपणे ‘बॉम्बे रक्तगट’ असेच छापतात. संशोधकाचे नाव येथेही संज्ञेत नाही. परंतु संज्ञेत स्थळ उरले असल्यामुळे जिज्ञासूला मुंबईपर्यंत आणि तेथून भेंड्यांपर्यंत पोहोचता येते. ‘फॉलिक’ या शब्दात पालकाची पाने आहेत. परळ नाही, ल्यूसी विल्स नाहीत आणि रुग्ण स्त्रियाही नाहीत.

भारतात परतलेल्या त्या औषधाचा प्रवास तर आणखी अनाम आहे. पोषणजन्य रक्तक्षय टाळण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. लोह व फॉलिक आम्ल यांची एकत्र गोळी गर्भवतींना देण्यात येऊ लागली. गावोगावी तिला ‘रक्तवाढीची गोळी’ म्हणतात. या लोकसंज्ञेत लॅटिन पानही गळून गेले आणि उरले ते प्रयोजन. अर्थदृष्ट्या तीनही संज्ञांत हीच सर्वांत पारदर्शक आहे. १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाच्या चाचणीने गर्भधारणेच्या सुमारास घेतलेले फॉलिक आम्ल बालकांतील मज्जानलिकेचे दोष टाळते हे सिद्ध केले, आणि १९९८ पासून अमेरिकेत पिठात ते मिसळणे सक्तीचे झाले. या टप्प्यावर फॉलिक आम्लासंबंधीचे लेखन इतके फोफावले की जुन्या उल्लेखांची पुढे येण्याची शक्यता आणखीच कमी झाली. हॉफब्रँड व वीअर यांनी २००१ साली ब्रिटनच्या रक्तविज्ञान-नियतकालिकात फॉलिक आम्लाचा इतिहास लिहिला, तो या दृष्टीने उपयुक्त अपवाद होय.

विल्स स्वतः १९४७ पर्यंत रॉयल फ्री रुग्णालयात विकृतिविज्ञानाच्या प्रमुख होत्या. तेथील रक्तविज्ञानाच्या विभागाची उभारणी त्यांनी केली. निवृत्तीनंतर त्या जमेका, फिजी येथे आहारपाहण्यांसाठी गेल्या आणि चेल्सीत मजूर पक्षाच्या नगरसेविका झाल्या. घटकाचे रसायन उलगडण्याच्या शर्यतीत त्या उतरल्या नाहीत. हा त्यांच्या कार्याचा उणेपणा मानावा काय? रसायनशास्त्रज्ञांची फौज आणि औषधनिर्मात्यांचे भांडवल त्यांच्यापाशी नव्हते हे खरे. पण १९३७ नंतर त्यांनी आपला मुद्दा एखाद्या ग्रंथात एकत्र मांडून ठेवला असता, तर पुढच्या लेखकांना दुर्लक्ष करणे इतके सोपे गेले नसते. त्यांचे लेखन विखुरलेले राहिले, आणि विखुरलेले लेखन उल्लेखगणनेच्या जाळ्यातून लवकर निसटते. हा दोष सर्वस्वी इतरांच्या माथी मारता येणार नाही.

तरीही विलोपनाची पायरी विल्स यांच्यापाशी संपत नाही. १९३० च्या लेखमालेत त्यांचे सहलेखक मेहता आणि तळपदे होते. मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी, म्हणजे उंदीर फसल्यावरही ज्या पायावर सारी इमारत उभी राहिली तो भाग, विल्स व तळपदे यांच्या संयुक्त नावाने प्रसिद्ध झाला आहे. घरोघरच्या चुलीपर्यंत पोहोचून कोण काय खाते हे विचारण्यास मुंबईच्या बोली जाणणारे माणूस लागते. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र शिकलेल्या विदुषीला ते एकटीने साधले असते असे वाटत नाही. विल्स यांच्या पुनःस्मरणाचे जे लेखन गेल्या काही दशकांत झाले, त्यात मार्गारेट बाल्फोर यांचे नाव येते, मार्माइटचे येते, माकडाचे येते. मेहता व तळपदे क्वचितच येतात. आलेच तर एखाद्या सूचीत, आद्याक्षरांपुरते. ती आहारपाहणी अद्याप मराठीत कोणी आणलेली नाही, आणि तिच्यातील धान्ये, भाज्या व पदार्थ यांच्या नावांचा भाषिक अभ्यासही झालेला नाही.